कडप्याच्या काटवनातला धाविक



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ओट्याला नाहीतर मांडणीला काळी कडप्पा फरशी असते. ती फरशी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते कडप्पा आंध्रात आहे. हंगाम संपला की तिरुपतीला जाणारी आपली मंडळी त्याच वाटेने जातात. तिकडे कडप म्हणजे उंबरठा. गावाला बालाजीचा उंबरठा मानतात. या उंबरठ्याच्या आसपासच्या काटेरी झुडपांत एक पाखरू राहते. त्याच्यामागे जाणत्या लोकांनी शंभर वर्षे पायपीट केली. त्याची हकीकत या अंकात देत आहोत. उसाच्या अंकात पाखराचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांनी पाटाच्या पाण्यापर्यंत वाचावे, मग बोलावे.

टिटवी आपण सगळे ओळखतो. नांगरटीच्या ढेकळांत अंडी घालते आणि जवळ गेलो की डोक्यावर कालवा करते. रात्री ओरडली तर म्हातारी माणसे अजून चुकचुकतात. पाणकाठच्या पक्ष्यांची ही भावकी फार मोठी आहे. त्यातलीच एक शाखा पाणी सोडून माळावर धावत सुटली, तिला धाविक म्हणतात. साधा धाविक आपल्याकडेही मुरमाड माळावर दिसतो. कडप्याचा हा त्याचा चुलतभाऊ, जेर्डनचा धाविक. तित्तिरापेक्षा अंगाने हलका, लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, डोळ्यावर पांढरी रुंद भुवई, गळ्याशी तांबूस डाग आणि छातीवर दोन पट्टे. दिवसा झुडपात गप्प बसायचे आणि अंधार पडला की किडे-मुंग्या टिपत पळायचे, हा त्याचा धंदा. तेलुगूत त्याला कलिवी कोडी म्हणतात. कलिवी म्हणजे करवंदीची जाळी, कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीतली कोंबडी! साहेबाच्या नावापेक्षा हे नाव आम्हांला जास्त पटले.

साहेब म्हणजे डॉ. टॉमस जेर्डन, मद्रासच्या फौजेतले डॉक्टर. १८४८ साली या पक्ष्याची पुस्तकात नोंद झाली. पुढे पेन्नेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात तो थोडाफार दिसला. त्यातले एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रातले, गडचिरोलीतले सिरोंचा. १९०० साली अनंतपूरकडे एका साहेबाने तो पाहिला, आणि त्यानंतर जो नाहीसा झाला तो झालाच. सलीम अलींसारख्या माणसानेही शोध घेतला, हाती काही लागले नाही. पुस्तकांत तो ‘बहुधा नामशेष’ या रकान्यात जाऊन बसला.

१९८५ च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुन्हा शोध मांडला. या वेळी अक्कल अशी चालवली की पक्ष्याचे चित्र गावोगावच्या लोकांना दाखवायचे. दुर्बीण गळ्यात घालून फिरणारा माणूस दोन महिन्यांत जे पाहणार नाही, ते गुराखी आणि फासेपारधी रोज पाहतात. हे आपल्याला कोणी सांगायला नको, पण शहाण्यांच्या ध्यानात यायला पंचाऐंशी वर्षे गेली. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्ली गावाजवळ ऐतण्णा नावाच्या पाखरे धरणाऱ्या माणसाने रात्री बत्तीच्या उजेडात एक धाविक जिवंत धरून आणला. संस्थेचे भरत भूषण तेथे कामाला होते. हाच तो पक्षी, अशी खात्री पटली. दुर्दैवाने तो पक्षी जगला नाही. पण जात जिवंत आहे हे सिद्ध झाले, आणि ही बातमी सलीम अलींनी हयातीत ऐकली. १९८८ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. त्याच सुमारास त्या भागात श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झाले, सुमारे ४६४ चौरस किलोमीटरचे.

पुढचा शोध कसा लागला, ते आम्हांला फार आवडले. रात्री झुडपात पक्षी दिसत नाही, म्हणून अभ्यासकांनी पायवाटांवर बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी पायांचे ठसे वाचले. भुईमुगात रानडुक्कर कोणत्या बांधाने शिरले हे आपण मागावरून सांगतो, तेच हे शास्त्र. धाविकाला मागचे बोट नसते, पुढची तीनच. टिटवीच्या आणि इतर पाखरांच्या ठशांशी घोटाळा होऊ नये म्हणून बोटांची मापे घेतली. पक्षी वाटेत आला की आपोआप फोटो निघेल असे कॅमेरेही लावले. मग त्याची साद सापडली. दिवस बुडून पाऊण-एक तास झाला की थोडा वेळ ‘क्विक्‌-कू, क्विक्‌-कू’ अशी दोन सुरांची साद, आणि पुन्हा शांत. ती साद यंत्रावर वाजवली की खरा पक्षी उत्तर देतो. पण फार वाजवली तर त्याला त्रास होतो, म्हणून त्यालाही मर्यादा. २०१३ मध्ये त्याचे अंडे सापडले, तेही स्कॉटलंडातल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात! १९१७ साली कोलारच्या बाजूला गोळा केलेले, आणि कपाटात निवांत पडलेले. सरकारी कपाटांची ख्याती आपल्याला आहेच, पण विद्यापीठेही मागे नाहीत म्हणायची.

या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. धाविकाला दाट रान चालत नाही आणि उजाड माळही चालत नाही. अध्येमध्ये मोकळी जमीन असलेले मध्यम काटवन लागते. म्हणजे सगळी चराई बंद केली तर झुडपे माजतात, आणि फार चारले, सरपण तोडले तर झुडपेच राहत नाहीत. थोडी शेळ्या-मेंढ्यांची वर्दळ त्याच्या पथ्यावर पडते. कुंपण घालून माणसाला हाकलले की काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे वाचण्यासारखे आहे.

आता पाण्याकडे येऊ. मद्रास शहराची तहान भागवण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी कृष्णेतून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी द्यावे असे ठरले. म्हणजे आपल्या कृष्णाकाठचा वाटाही त्यात आहे. १९८३ साली तेलुगू गंगा योजनेचे काम सुरू झाले. पाणी श्रीशैलमहून निघून कडपा-नेल्लोर जिल्ह्यांतून जाते, वाटेत शेतीही भिजवते, आणि १९९६ मध्ये ते तमिळनाडूच्या हद्दीपर्यंत पोहोचले. याच योजनेच्या कालव्याची एक आखणी नेमकी धाविकाच्या काटवनातून गेली. २००५ मध्ये तेथे यंत्रे चालू लागली, खोदाई झाली. परवानगी नव्हती, अशी तक्रार अभ्यासकांनी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या समितीपर्यंत गेले आणि कालव्याची वाट बदलावी लागली.

इथे आमचे मन दोन्हीकडे ओढते, ते मोकळेपणी सांगतो. पेन्ना खोऱ्यातली जमीन पाण्यावाचून कशी दिसते ते आमच्या नजरेत आहे. आपल्याकडे पाट आला नसता तर हा कारखाना उभा राहिला नसता, आणि हा अंक तुमच्या हातात पडला नसता. सोमशिला धरणात गावे गेली, ती माणसे पुन्हा याच बाजूला येऊन वसली. कोयनेची झळ सोसलेल्यांना ते दुःख समजावून सांगायला नको. सोलापूर-नगरकडच्या पाहुण्यांना विचारा, माळढोकाच्या अभयारण्यापायी विहिरीची परवानगी मिळवताना काय दमछाक झाली. तेव्हा पाखरासाठी शेतकऱ्याने गप्प बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण या ठिकाणी कालवा रद्द झाला नाही, त्याची वाट वळवली. पाणीही गेले आणि काटवनही उरले. आखणीच्या वेळीच कोणी मेंढक्याला विचारले असते तर खोदाईचा खर्च वाचला असता, एवढीच आमची तक्रार.

आणखी एक अडचण वेगळीच आहे. त्या डोंगरात रक्तचंदन होते आणि त्याची चोरटी तोड फार. त्यामुळे वनखाते रात्री कोणालाही आत सोडायला नाखूश. आणि पक्षी तर रात्रीचा! दुरून आलेले पक्षीनिरीक्षक नाक्यावरून परत फिरतात. २०१० च्या आधीपासूनच खात्रीची नोंद मिळेनाशी झाली होती, आणि दुसऱ्यांदा संपला की काय, असे बोलले जाऊ लागले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र पक्षीनिरीक्षकांच्या एका तुकडीला आंध्रात त्याची साद पुन्हा ऐकू आली आणि ती यंत्रावर उतरवली गेली. पुन्हा तेच दोन सूर.

यंदा तिरुपतीला निघणाऱ्यांना एक विनंती. रात्री उगीच त्या रानात शिरू नका. परवाना नसेल तर चंदनचोर समजून धरतील, आणि सोडवायला आम्हांला यावे लागेल. दिवसाउजेडी कडप्याच्या पुढे गाडी लागली की खिडकीतून डोंगर आणि शेते यांच्या मधल्या पट्ट्याकडे पाहा. कंबरभर काटेरी झुडपे, मध्ये उघडी तांबडी जमीन, एखादे मेंढरांचे खांड. आपल्याकडे असल्या जमिनीला पडीक म्हणतात. तो तिथेच कुठेतरी करवंदीखाली बसलेला असतो, दिवस बुडायची वाट पाहत.