सिकंदराच्या मागे राहिलेले यवन

मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर, ज्यास आपल्याकडे सिकंदर म्हणतात, त्याने इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात पाऊल ठेवले. पुढील काही वर्षांत त्याने इराणचे बलाढ्य साम्राज्य मोडले, इजिप्त घेतले, हिंदुकुश ओलांडला आणि इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसचा पराभव केला. बियासपाशी थकलेल्या सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला, तेव्हा तो माघारी वळला. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोन येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वयाला तेहतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. सेनापतींनी आपसांत लढून ते राज्य वाटून घेतले. शालेय पुस्तके त्याला ‘जगज्जेता’ म्हणतात. मात्र सात महिने झुंजलेले टायर शहर पडल्यावर तेथील हजारो माणसे त्याने गुलाम म्हणून विकली, हे सहसा त्यांत येत नाही.

साम्राज्य टिकले नाही, परंतु माणसे टिकली. वाटेत वसविलेल्या नगरांत ग्रीक शिपाई, कारागीर आणि व्यापारी कायमचे राहिले. ग्रीक भाषा भूमध्य समुद्रापासून अफगाणिस्तानापर्यंत राज्यकारभाराची व व्यापाराची भाषा झाली. उत्तर अफगाणिस्तानात आमू दर्याच्या काठी आय खानूम येथे उत्खनन झाले, तेव्हा नाट्यगृह, व्यायामशाळा आणि डेल्फीच्या नीतिवचनांचा शिलालेख सापडला. ग्रीसपासून हजारो कोस दूर हे सारे उभे होते. या लोकांना पालीत ‘योन’ आणि संस्कृतात ‘यवन’ म्हटले गेले.

या यवनांशी धम्माने त्यांच्याच भाषेत संवाद साधला. कंदाहार येथे १९५८ मध्ये सम्राट अशोकाचा एक लेख उजेडात आला. तो ग्रीक व अरमाईक अशा दोन भाषांत आहे. राजाच्या पारध्यांनी आणि कोळ्यांनी शिकार सोडली, लोक मातापित्यांचा व वडीलधाऱ्यांचा आदर करू लागले, असे त्यात सांगितले आहे. ‘धम्म’ या शब्दासाठी तेथे ‘युसेबिया’ हा ग्रीक शब्द योजिला आहे. पूज्यभाव, सदाचरण असा त्याचा आशय. ज्या प्रदेशातून सिकंदर शस्त्रे घेऊन गेला, तेथेच सुमारे सत्तर वर्षांनी एक राजा ग्रीक प्रजेला ग्रीक भाषेतच हिंसा सोडण्यास सांगत होता.

यवनांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या प्राचीन वाङ्मयात आहेत. मनुस्मृतीने त्यांना संस्कारलोपामुळे वृषलत्वाला पोचलेल्या क्षत्रियांत घातले. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात मात्र तथागत यवन व कंबोज देशांचा दाखला निराळ्या हेतूने देतात. तेथे स्वामी आणि दास असे दोनच वर्ण आहेत, स्वामी दास होऊ शकतो आणि दास स्वामी, असे ते ब्राह्मण तरुणास दाखवून देतात. म्हणजे चार वर्ण ही काही सृष्टीची रचना नव्हे. ग्रीक समाज समतेचा होता असा याचा अर्थ मुळीच नाही. दास्य तेथेही होतेच. परंतु जन्माने ठरलेली आणि कधीही न बदलणारी उतरंड जगात सर्वत्र नाही, एवढे सांगायला हा दाखला पुरेसा होता.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात पंजाब व गांधार प्रदेशावर मिनांडर हा यवन राजा राज्य करीत होता. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत अक्षरे आहेत. पाली ग्रंथातील मिलिंद राजा तो हाच. सागल नगरीत त्याने भदंत नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले. रथाचे चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, या नागसेनांच्या प्रतिप्रश्नांनी आत्म्याची कल्पना कशी निरुत्तर होते, ते वाचताना आजही वर्गात बसल्यासारखे वाटते. राजा हरतो, पण त्यामुळे त्याचा मान कमी होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास मिलिंदाचे आणि त्या परिसरास नागसेनांचे नाव दिले, त्यामागे हाच संवाद होता.

गांधार शिल्पात पुढे ग्रीक हातोटी धम्माच्या सेवेस लागली. आरंभीच्या शिल्पांत बुद्ध बोधिवृक्ष, धम्मचक्र किंवा पदचिन्हे यांतून दाखविला जाई. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत मथुरेप्रमाणेच गांधारातही त्याची मानवी मूर्ती घडू लागली. गांधार मूर्तीच्या चिवराच्या चुण्या, कुरळे केस आणि बुद्धाशेजारी हेराक्लीजच्या रूपात उभा असलेला वज्रपाणी पाहिला, की घडविणाऱ्यांची परंपरा लक्षात येते.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध दूरचा नाही. तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रचारासाठी योन धम्मरक्खित या भिक्खूला पाठविले, असे महावंस सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिले आहेत. त्यांतील एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाशिकच्या लेण्यांत एक लेणे उत्तरेकडील दात्तामित्रीच्या योनक धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने खोदविले. हे सारे वंशाने ग्रीकच होते काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्यांनी स्वतःला यवन म्हणविले आणि संघाने त्यांचे दान स्वीकारले, हे मात्र दगडावर कोरलेले आहे. जुन्नरला चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी.