धरण भरलेले, नळ कोरडा

आपण तोटी फिरवतो, कळशी भरतो. पण ते पाणी येते कसे? आधी धरण किंवा तलाव. मग मोठा पाइप. मग टाकी. मग गल्लीतले पाइप. शेवटी आपली तोटी. ही सगळी एक साखळी आहे. एक कडी तुटली, की पाणी थांबले.

भूकंप झाला तर ही साखळी टिकेल का? नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण अंदाज करता येतो.

आधी एक घडलेली हकिकत ऐका. अमेरिकेत समुद्रकाठी सॅन फ्रान्सिस्को नावाचे शहर आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे तेथे मोठा भूकंप झाला. शहराला पाणी देणारी धरणे टिकली. पाणीही होते. पण धरणांकडून येणारे तिन्ही मोठे पाइप मोडले. एक पाइप जमिनीच्या भेगेलगत घातलेला होता. दुसरा दलदलीतून लाकडी टेकूंवरून नेलेला होता. शहरातले मोठे पाइप सुमारे ३०० ठिकाणी फुटले. घरोघरी जाणारे बारीक नळ तर २३ हजारांवर तुटले.

त्यातच आगी लागल्या. बंबवाले धावले. नळी लावली, तर पाणीच नाही! तीन दिवस शहर जळत राहिले. भूकंपापेक्षा आगीने जास्त नुकसान केले.

एका चढावरचा एक नळ मात्र चालू राहिला. त्याच्या पाण्याने एक मोठी वस्ती वाचली. लोक अजून दर वर्षी १८ एप्रिलला त्या नळाला सोनेरी रंग देतात.

आता अंदाज कसा करतात ते पाहू. पाइप कशाचा आहे? किती जुना आहे? जमीन कशी आहे? ओतीव लोखंडाचा पाइप ठिसूळ असतो. तो वाकत नाही, तुटतो. खडकापेक्षा दलदलीत आणि भरावात पाइप जास्त मोडतात. मागच्या भूकंपांत दर किलोमीटरला किती पाइप फुटले, ते जाणकार मोजून ठेवतात. त्यावरून पुढचा हिशेब मांडतात.

समजा, एक पाइप मोठ्या भूकंपात १० वेळांपैकी १ वेळा मोडेल. गावाला तसाच दुसरा पाइप वेगळ्या वाटेने आणला. दोन्ही एकाच वेळी किती वेळा मोडतील? दहा दाहे शंभर. म्हणजे १०० पैकी १ वेळा. भरवसा केवढा वाढला!

पण थांबा. दोन्ही पाइप एकाच दलदलीतून गेले असतील तर? मग मोडताना दोन्ही बरोबरच मोडतील. दुसऱ्या पाइपचा खर्च झाला, पण भरवसा फारसा वाढला नाही. सॅन फ्रान्सिस्कोला तर तीन पाइप होते. म्हणून पाइप किती आहेत एवढेच मोजू नका. वाटा किती आहेत ते मोजा.

सांधेही महत्त्वाचे. १९९५ साली जपानात कोबे येथे भूकंप झाला. लाखो घरांचे पाणी तुटले. पण ज्या पाइपांचे सांधे थोडे सरकतात आणि निसटत नाहीत, ते पाइप टिकले.

ही गोष्ट परक्यांचीच नाही. आपल्याकडे १९६७ साली कोयनेला आणि १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा :

गावात पाणी किती वाटांनी येते?

फुटलेला भाग तेवढा बंद करायला मध्ये चाव्या आहेत का? चावी नसेल, तर एका फुटक्या पाइपातून सगळी टाकी रिकामी होते.

गावची जुनी विहीर गाळ काढून ठेवली आहे का? नळ आला म्हणून विहिरीत कचरा टाकू नका. तिचे पाणी पाइपातून येत नाही. ती आपली दुसरी वाट आहे.

आणि एक ध्यानात ठेवा. फुटलेल्या पाइपात घाण शिरते. भूकंपानंतर पाणी नळाचे असो की विहिरीचे, उकळूनच प्या.