घाटातला धंदा आणि गाडीतली खबरदारी

आम्ही बरीच वर्षे इचलकरंजीचे कापड कोकणात पाठवतो. गगनबावडा सोडून करूळ घाट उतरला की वैभववाडी. रस्ता सोयीचा, पण पावसात दरड कोसळते आणि वळणावर मोबाईलची रेंज जाते. २०२२ च्या पावसाळ्यात आमचा टेम्पो तिथे रात्रभर अडकला. ड्रायव्हरचा फोन बंद. पेढीवर आम्ही जागे, घरी त्याची म्हातारी आई जागी. सकाळी पोरगा सुखरूप आला. भिजलेल्या दोन गठ्ठ्यांचे नुकसान आम्ही विसरलो, त्या माऊलीचा चेहरा विसरलो नाही.

त्यानंतर आम्ही विचारपूस करून सामान घेतले. व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी ते येथे देतो.

पहिली गोष्ट, दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची हवीत. एकाच कंपनीची दोन घेणे म्हणजे पैसे वाया. गाडीत चार्जर आणि भरलेली पॉवर बँक असावी. रेंज कमी असताना बोलणे होत नाही, पण एसएमएस पुष्कळदा जातो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहावेत : मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

दोन-तीन गाड्या सोबत असतील तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी शक्तीचा वॉकी-टॉकी घ्यावा. २०१८ च्या नियमांनुसार त्याला परवाना लागत नाही, मात्र मॉडेल सरकारी मंजुरीचे आहे का ते पाहावे. डोंगर आड आला की तोही मुका होतो, हे ध्यानात ठेवावे.

आखातातला भाऊबंद सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणावे. थुराया, इरिडियमसारखे फोन सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा आहे. मदतीच्या वस्तूनेच माणूस कोठडीत जायचा.

कापडाच्या गाडीत आगीचे भय मोठे. म्हणून एबीसी पावडरचे अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावे आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघावे. चकाकणारा त्रिकोण, टॉर्च, प्रथमोपचार पेटी, दोरखंड, चाकाखाली लावायचे ठोकळे, जादा ताडपत्री, पाणी आणि बिस्किटे हवीतच.

शेवटची गोष्ट फुकटची आहे. घाट चढण्यापूर्वी एक फोन, उतरल्यावर एक फोन. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही, तर पेढीने ११२ ला कळवावे. माल पुन्हा विणता येतो, माणूस येत नाही.