लोहगांवची आकाशशाळा

लोहगांव म्हणजे तुकोबांचें आजोळ. आज मात्र तें नांव उच्चारतांच विमानांची गर्जना आठवते. तेथील वैमानिक तळ १९३९ सालचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभकाळचा. प्रवासी विमानें तेथूनच सुटतात. परंतु धावपट्टी वायुदलाची आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळांत धावपट्टीच्या दुरुस्तीसाठीं प्रवासी उड्डाणें बंद राहिलीं, तेव्हां ती अनेकांस कळली. मग प्रश्न येतो कीं, युद्ध नसतांना हा तळ नित्य करतो तरी काय? एका शब्दांत सांगावयाचें तर, शिकवितो.

वैमानिक घडतो कसा, तें पाहूं. अनेक तरुण प्रथम आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत तीन वर्षें काढतात. पुढें हैदराबादेजवळ दुंडिगल येथील अकादमींत उड्डाणाचे पहिले पाठ होतात. लढाऊ विमानांसाठीं निवडलेल्यांना नंतर कर्नाटकांतील बिदर येथें ‘हॉक’ विमानावर तयार करितात. छातीवर पंखांचें चिन्ह लागलें कीं शिक्षण संपलें, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती केवळ मॅट्रिकची परीक्षा होय. खरें अध्ययन लढाऊ पथकांत, लोहगांवसारख्या तळावर, सुरू होतें.

सुखोई-३० हें विमान वायुदलांत प्रथम दाखल झालें तें लोहगांवींच, जून १९९७ मध्यें. त्याची सुधारलेली आवृत्ति सप्टेंबर २००२ मध्यें तेथेंच आली. या विमानांत एकामागें एक अशा दोन बैठका असतात. म्हणूनच राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांस २००६ सालीं आणि श्रीमती प्रतिभाताई पाटील यांस २००९ सालीं लोहगांवाहून त्यांतून उड्डाण करितां आलें. शिक्षणासही ही रचना उपयोगी पडते. नवख्याच्या पाठीशीं अनुभवी वैमानिक बसूं शकतो. उड्डाणापूर्वीं प्रत्येक हालचालीची आंखणी होते व उतरल्यावर चुकांची कसून तपासणी होते. रात्रीं उडणें, जोडीनें उडणें, आकाशांतच इंधन घेणें, हें सारें पुनःपुन्हा करावें लागतें. कारण हाताची संवय मोडली कीं विद्या गंजते. विमानाची देखभाल करणारे तंत्रज्ञ व मनोऱ्यांतील नियंत्रक यांचाही सराव त्याबरोबरच चालतो.

आतां या शाळेशीं आपला, म्हणजे शेजाऱ्यांचा, संबंध काय? चढणें आणि उतरणें हे विमानाचे सर्वांत नाजुक क्षण. सरावांत तेच वारंवार येतात आणि नेमके त्याच उंचीवर घारी घिरट्या घालीत असतात. घार वजनानें किलोभरही नसते. परंतु वेग दुप्पट झाला म्हणजे आघात चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ताशीं दोनअडीचशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानाच्या यंत्रांत असा पक्षी शिरला, तर आंतील पातीं मोडतात. जमीन इतकी जवळ असतां वैमानिकास विचार करण्यास क्षणांचाच अवधि मिळतो.

घारी तेथें येतात त्या मुख्यतः अन्नासाठीं. उघड्यावर टाकलेलें खरकटें आणि मांसविक्रीच्या दुकानांतील टाकाऊ भाग हेंच त्यांना दिलेलें आमंत्रण होय. विमानतळाच्या १० किलोमीटरांच्या परिसरांत असा कचरा टाकण्यास कायद्यानें मनाई आहे. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक गल्लींत उभा राहूं शकत नाहीं. विमाननगर, धानोरी, वडगांव शेरी, खराडी येथें आज हजारों कुटुंबें राहतात. विमानांच्या आवाजाबद्दल त्यांची तक्रार असेल, तर ती खोटी नाहीं. तो आवाज टाळणें त्यांच्या हातीं नाहीं. ओला कचरा झांकून ठेवणें व तो घंटागाडींतच देणें मात्र त्यांच्या हातीं आहे. वर उडणारा तो तरुण कोणाच्या तरी घरचा मुलगा किंवा मुलगी आहे. तिच्या वा त्याच्या सुरक्षिततेचा एक लहानसा भाग आपल्या स्वयंपाकघरांत ठरतो, एवढें ध्यानीं ठेवावें.