कुर्ल्याचे सहा, डेट्रॉइटचे आठ

मसल कारच्या चाहत्यांना ३८३, ४२६, ४५४ हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. इंजिनाचे घनइंच हीच त्यांच्या लेखी गाडीची जातकुळी. पण ती प्रसिद्ध यादी एका कागदी पळवाटेतून फोफावली, हे फारसं कुणी सांगत नाही. जनरल मोटर्सचा दंडक होता, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. नव्या मॉडेलला वरिष्ठांची मंजुरी लागे. असलेल्या मॉडेलवरच्या ऐच्छिक सामानाला लागत नसे. पॉन्टियाकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेंपेस्ट ल मां गाडीच्या ऐच्छिक सामानातच ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन घुसवलं आणि त्या संचाला नाव दिलं जीटीओ. एका कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन घेतले तर ३४८. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. एवढा खप झाल्यावर दंडकाची आठवण कोण काढणार?

कोणतं इंजिन मिळणार हे नियम, इंधन आणि गिऱ्हाइकाचा खिसा यांच्या ओढाताणीत ठरतं; अभियंत्याची पाळी त्यानंतर. याचा उत्तम पुरावा सोलापूरच्या माणसाने उभारलेल्या कारखान्यात सापडतो. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची रेल्वेची कंत्राटं, सिंदियाची जहाजं, बंगळूरचा विमान कारखाना सर्वांना ठाऊक आहे. मोटारीचं प्रकरण मात्र चरित्रात दोन पानांत उरकतं, आणि तेच अधिक बोलकं आहे. विश्वेश्वरय्यांची योजना त्यांच्या पाठीशी होती. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले, फोर्डशी जमलं नाही, १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. युद्धाला ट्रक हवेच होते, तरी इंग्रज सरकारने हा उद्योग युद्धासाठी निकडीचा नाही असं सांगून हात वर केले. आयात चालू राहण्यात कुणाचं भलं होतं, हे उघड आहे. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे नेहमीची तक्रार येते, की अमेरिकेने आपल्याला शिळा माल दिला. वरवर ती खरी वाटते. १९५१ मध्ये क्रायस्लरने अमेरिकेत फायरपॉवर व्ही-८ आणलं: ३३१ घनइंच, १८० अश्वशक्ती, अर्धगोलाकार दहनकक्ष, पुढच्या हेमींचं हे मूळ. इकडे डॉज किंग्जवे घ्या की डिसोटो डिप्लोमॅट, बिल्ला वेगळा, बॉनेटखाली प्लिमथचंच २१८ घनइंची, सहा सिलिंडरचं, शंभराच्या आतल्या अश्वशक्तीचं इंजिन. पण ते उघडून पाहावं. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. वरचं हेड म्हणजे बिडाचं झाकण. बोल्ट सोडवून ते उचललं की पिस्टनचे माथे आणि व्हॉल्व्ह समोर उघडे. तालुक्याच्या गावातला मिस्त्री कार्बन खरवडून, व्हॉल्व्ह घासून गाडी परत रस्त्याला लावी. कॉम्प्रेशन सातच्या आसपास, त्यामुळे हलकं पेट्रोलही चाले. १९६६ च्या रस्त्यावरच्या ४२६ हेमीचं कॉम्प्रेशन होतं १०.२५, त्याला उंची पेट्रोल लागे आणि दोन कार्ब्युरेटर जुळवणारा हात लागे. सोलापूर-विजापूर रस्त्यावर ते इंजिन पांढरा हत्तीच ठरलं असतं.

यावर कुणी म्हणेल, ही सोय पुढे सबब झाली. हे मान्य केलंच पाहिजे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, स्पर्धा आटली, आणि प्रीमियरची फियाट १०८९ सीसीवर कित्येक दशकं बसून राहिली. परवाना हाती असलेल्याला नवं इंजिन काढायची घाई नव्हती, आणि गिऱ्हाईक नंबर लावून उभंच होतं. पण म्हणून भारतात इंजिनाची निवडच नव्हती, हे चूक. ती ट्रकमध्ये होती. प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो ट्रकना पर्किन्सचं सहा सिलिंडरचं पी-६ डिझेल इंजिन मिळू लागलं, सुमारे ४.७ लिटरचं. मालकाने हिशेब केला तो किलोमीटरमागच्या पैशांचा. जुन्या अमेरिकन मोटारींतही पुढे पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेल बसवलं गेलं आणि त्या टॅक्सीला लागल्या. शौकिनांना हा अपमान वाटतो. मला तो पॉन्टियाकच्या पळवाटेइतकाच अस्सल पर्याय वाटतो, कारण तो गरजवंताने स्वतः निवडला होता. १९९० च्या दशकात उतरणीला लागलेल्या पद्मिनीला, म्हणजे त्याच जुन्या फियाटला, प्रीमियरने दुसरं इंजिन देऊ केलं, तेही इटलीच्या एफएनएमचं १.४ लिटरचं डिझेलच.