खेळाडूंची निवड आणि प्रेक्षकांची पारख

मैदानावर पहिला चेंडू पडण्यापूर्वींच ज्यांत हार-जीत ठरविली जाते असा एक खेळ अलीकडे सर्वत्र रंगूं लागला आहे; आणि त्यांत भाग घेण्यास ना बॅट लागते, ना मैदान. व्यावसायिक संघ आपले खेळाडू निवडतात त्या दिवशीं प्रत्येक प्रेक्षक निवड-समितीचा सभासद होतो. अमुक फलंदाज हातचा घालविला ही घोडचूक झाली, तमुक गोलंदाजावर पैसा उधळला, यष्टिरक्षक तीन झाले आणि फिरकी टाकणारा एकहि नाहीं, अशीं मतें चहाच्या दुकानांत, एस्. टी. च्या थांब्यावर आणि कचेऱ्यांच्या ओसरीवर ठणकावून मांडलीं जातात. जालना जिल्हाहि याला अपवाद नाहीं. या वादांत नुसती करमणूक आहे, कीं कांहीं तथ्यहि आहे, आणि असल्यास तें कोणत्या कसोटीनें ओळखावें, याचा विचार उद्बोधक ठरेल.

निवडीच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिली पाळीची, तिलाच ड्राफ्ट म्हणतात. दुसरी लिलावाची. पाळीच्या रीतीचा उगम अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलांत झाला. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायानें खेळतात तो नव्हे. अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा व फेंकण्याचा तो खेळ होय. तेथें सधन संघ उत्तमोत्तम खेळाडू ओढून घेत आणि दुबळे संघ अधिकच दुबळे होत. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं असा उपाय सुचविला कीं, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी; गेल्या हंगामांत जो संघ तळाशीं राहिला त्यानें सर्वांच्या आधीं निवडावें आणि विजेत्यानें सर्वांच्या शेवटीं. त्याप्रमाणें १९३६ च्या फेब्रुवारींत पहिली निवड झाली. गंमत अशी कीं, त्या दिवशीं सर्वांत प्रथम ज्याचें नांव पुकारलें गेलें तो जे बरवँगर पुढें व्यावसायिक फुटबॉलचा एकहि सामना खेळला नाहीं. उलट २००० सालीं १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात अजिंक्यपदांचा धनी झाला.

लिलावाची रीति आपल्याकडे अधिक परिचयाची आहे. इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईस झाला आणि चेन्नईच्या संघानें महेंद्रसिंग धोनी यास १५ लाख डॉलर्स देऊन घेतलें. प्रत्येक संघाच्या खर्चास ठराविक मर्यादा घातलेली असते. त्या मर्यादेंत राहून कोणावर किती खर्चावें हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. दोन्ही रीतींचा हेतु एकच, तो म्हणजे बलाबलाचा समतोल राखणें. भेद इतकाच कीं, लिलावांत किंमत पैशानें मोजली जाते आणि पाळींत ती संधीनें मोजली जाते. पाळींत एकाचें नांव घेतलें कीं, पुन्हा आपली पाळी येईपर्यंत बाकीचे सारे दुसऱ्यांच्या स्वाधीन होतात. म्हणून पाळीच्या निवडीवरचा वाद “कोणाला घेतलें” यापेक्षां “कोणाला सोडलें” याच प्रश्नाभोंवतीं अधिक फिरतो.

याचें उत्तम उदाहरण त्याच वर्षीं घडलें. २००८ च्या मार्चच्या आरंभीं भारताच्या १९ वर्षांखालील संघानें क्वालालंपूर येथें विश्वचषक जिंकला. या तरुणांना लिलावांत न घालतां त्यांच्यासाठीं ११ मार्च रोजीं पाळीनें निवड करण्यांत आली. पहिली पाळी दिल्लीला मिळाली. विजयी संघाचा कर्णधार विराट कोहली हा दिल्लीचाच. तथापि दिल्लीनें डावखुरा जलद गोलंदाज प्रदीप सांगवान याची निवड केली, आणि कोहली बंगळूरूकडे गेला. आज ही गोष्ट सांगतांना लोक हंसतात. परंतु त्या दिवशींचा दिल्लीचा विचार अगदींच अविचार नव्हता. सेहवाग, गंभीर, शिखर धवन, डी’व्हिलियर्स असे फलंदाज त्या संघापाशीं होतेच. उणीव होती ती गोलंदाजाची. शिवाय पहिल्या हंगामांत कोहलीनें १३ सामन्यांत अवघ्या १६५ धांवा केल्या. त्या हंगामाच्या अखेरीस कोणी हिशेब मांडता, तर दिल्लीचें फारसें चुकलें असें तो म्हणता ना. पुढें २०१६ च्या एकाच हंगामांत त्याच कोहलीनें ९७३ धांवा काढल्या. आणि तरीहि बंगळूरूला अजिंक्यपदासाठीं अठराव्या हंगामापर्यंत, म्हणजे ३ जून २०२५ पर्यंत, वाट पाहावी लागली. त्या दिवशीं अहमदाबाद येथें पंजाबवर ६ धांवांनीं विजय मिळाला. तात्पर्य, निवड उत्तम असूनहि यश दूर राहूं शकतें, आणि एका वर्षाच्या फळावरून निवडीची पारख करणें धोक्याचें असतें.

देशी खेळांतहि हेंच दृश्य दिसतें. महाराष्ट्राच्या मातींत वाढलेल्या खो-खोची व्यावसायिक स्पर्धा २०२२ सालीं सुरू झाली, तेव्हां तिच्या चालकांनीं पाळीची रीति पत्करली. खेळाडूंच्या चार श्रेणी पाडून श्रेणीप्रमाणें मानधन ठरविलें आणि सहा संघांनीं पाळीपाळीनें निवड केली. पुण्याजवळ बालेवाडी येथें ४ सप्टेंबर २०२२ रोजीं झालेल्या अंतिम सामन्यांत ओडिशाच्या संघानें तेलुगु योद्धाज संघावर ४६-४५ अशी मात केली. एका गुणानें विजय मिळाला म्हणून विजेत्यांची निवड शहाणपणाची आणि पराभूतांची मूर्खपणाची ठरते काय? विवेकी प्रेक्षक असें म्हणणार नाहीं. पराभूत संघांत असलेला पुण्याचा प्रतीक वाईकर २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस भरलेल्या पहिल्या विश्वचषकांत भारताचा कर्णधार होता, आणि त्या संघानें नेपाळला ५४-३६ असें हरविलें.

कबड्डीनें दुसराच धडा दिला. २०१४ च्या पहिल्या लिलावांत सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारची किंमत १२ लाख ८० हजार रुपये होती. २०२३ सालीं पवन सेहरावत यास तेलुगु टायटन्स संघानें २ कोटि ६० लाख ५० हजार रुपयांस घेतलें. पवनच्या गुणांविषयीं शंका नाहीं. पण त्या हंगामांत त्याचा संघ २२ पैकीं दोनच सामने जिंकून तळाशीं राहिला. त्याच हंगामांत अहमदनगर जिल्ह्यांतून आलेल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालीं पुणेरी पलटण संघानें अजिंक्यपद मिळविलें. या संघानेंहि इराणच्या शादलूईवर २ कोटि ३५ लाख रुपये खर्च केले होते. परंतु त्याच्या सोबतीला संघानें घडविलेले तरुण होते. एकट्या मोत्यानें हार होत नाहीं, दोराहि लागतो.

या उदाहरणांवरून प्रेक्षकांच्या वादांतले खरे मुद्दे तीन असल्याचें दिसून येतें. पहिला, गरज पाहावी कीं गुण पाहावा? दिल्लीनें गरज पाहिली. पण गरज वर्षाची असते आणि गुण दहा वर्षांचा असूं शकतो. दुसरा, किंमत. महाग म्हणजे उत्तम असें नव्हे, आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ असेंहि नव्हे. एकावर मर्यादेचा मोठा भाग खर्चिला तर बाकीच्या जागा कशा भरावयाच्या, हें पाहिलें पाहिजे. तिसरा आणि सर्वांत सूक्ष्म मुद्दा निवडणाऱ्यांच्या आत्मविश्वासाचा. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनीं अमेरिकन फुटबॉलमधील निवडींचा हिशेब तपासला; थेलर यांना २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना असें आढळलें कीं, आधीं निवडलेला खेळाडू त्याच जागीं खेळणाऱ्या, त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षां सरस निघण्याचा संभव नाणेफेकीहून किंचितच अधिक असतो. तरीहि आरंभींच्या पाळीसाठीं संघ अवाच्यासवा मोल देतात. जेथें पगारी पारखी इतके चुकतात, तेथें घरीं बसून निर्णय देणाऱ्यानें थोडी नम्रता बाळगावी हें बरें.

जालना जिल्ह्यांतील क्रिकेटप्रेमींना हा विषय एका कारणानें विशेष जिव्हाळ्याचा आहे. मराठवाड्याच्या मुलाला क्रिकेटमध्यें पुढें यावयाचें असेल तर महाराष्ट्राच्या संघांत स्थान मिळवावें लागतें, आणि जिल्हा तें राज्य ही पायरी चढतांनाच पुष्कळांची दमछाक होते. ती पायरी जालन्याच्या विजय झोलनें थाटांत ओलांडली. २०११-१२ च्या हंगामांत महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध त्यानें नाबाद ४५१ धांवा केल्या. २०१२ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या १९ वर्षांखालील भारतीय संघांत तो होता आणि २०१४ सालीं त्या संघाचा कर्णधार झाला. त्याच वर्षीं बंगळूरूनें त्याला घेतलें. परंतु गेल, कोहली, डी’व्हिलियर्स आणि युवराज सिंग अशा फलंदाजांच्या रांगेंत नवख्याला जागा कोठून मिळावी? त्याच्या वांट्यास मोजकेच सामने आले. त्याच्याच १९ वर्षांखालील संघांतील संजू सॅमसन, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव पुढें भारताच्या मुख्य संघांत खेळले. दुसऱ्या एखाद्या संघानें त्याला घेतलें असतें तर, हा प्रश्न येथें सहज उपस्थित होतो. त्याला निश्चित उत्तर नाहीं. पण प्रश्न निरर्थकहि नाहीं. कारण निवड म्हणजे केवळ गुणाची ओळख नव्हे, त्या गुणाला मिळणारी संधीहि होय, आणि कोणत्या संघाकडे जावयाचें हें लिलावांत उभा राहिलेला तरुण स्वतः ठरवूं शकत नाहीं.

२०२३ सालीं महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिच्या सहा संघांत छत्रपति संभाजी किंग्ज हा मराठवाड्याचें नांव लावणारा संघ आला. त्यामुळें लिलावाचा वाद जालन्याच्या अधिक जवळ आला. आपल्या भागांतील मुलांना किती जागा मिळाल्या, हा प्रश्न त्यांतून अपरिहार्यपणें निघतो. त्यांत आपलेपणाचा आग्रह आहे आणि तो सर्वस्वीं गैर नाहीं. परंतु केवळ आपला म्हणून घेतलेला आणि बाकावर बसविलेला खेळाडू कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

निवडीची पारख कशी करावी हें जालन्याच्या शेतकऱ्याला वेगळें शिकवावें लागत नाहीं. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें बियाण्यांचा उद्योग उभारला, तेव्हांपासून हें शहर बियाण्यांसाठीं देशभर ओळखलें जाऊं लागलें. जाणता शेतकरी वाण निवडतांना पिशवीवरचें चित्र पाहत नाहीं. आपली जमीन हलकी कीं भारी, पाणी किती, पेरणी कधीं, हें पाहतो. पीक बुडालें तर दोष बियाण्याचा, पावसाचा कीं आपल्या मशागतीचा, हेंहि तो वेगवेगळें तोलतो. खेळाडूच्या बाबतींत हाच न्याय लावला पाहिजे. निवडीच्या दिवशीं जी माहिती उपलब्ध होती तिच्या आधारें निर्णय योग्य होता काय, हा एक प्रश्न. आणि पुढें फळ काय मिळालें, हा दुसरा. फळावरून निर्णयाला शहाणा वा वेडा ठरविणारा प्रेक्षक दोन निरनिराळे हिशेब एकाच वहींत मांडतो.

या साऱ्या वादांत एक गोष्ट सहज निसटते. ज्याच्या नांवावर चर्चा चालते तो विशी-बाविशीचा मुलगा असतो. त्याचें नांव पुकारलें जातें तेव्हां घरांतील माणसें पडद्यासमोर बसलेलीं असतात. आणि बोली न लागतां नांव बाजूस पडलें, तर तेंहि साऱ्या गांवासमक्षच घडतें. “पैसे पाण्यांत गेले” हें वाक्य प्रेक्षकाला हलकें वाटतें, पण ज्याच्याविषयीं तें उच्चारलें जातें त्याला तें पुढच्या हंगामापर्यंत वाहावें लागतें. वाद अवश्य घालावा. त्यायोगें खेळाची समज वाढते आणि संघचालकांवर वचकहि राहतो. मात्र टीकेचा रोख निवडणाऱ्याच्या विचारावर असावा, निवडल्या गेलेल्या मुलावर नव्हे. कारण आपली किंमत त्यानें स्वतः ठरविलेली नसते.