चाळीस वारांवरचा कागद

शेजारच्या आजोबांनी माझ्या तळहातावर दोन छर्रे ठेवले. एक शिशाचा, टपोऱ्या बाजरीएवढा. दुसरा टंगस्टनचा, मोहरीएवढा. “यातला कोणता जास्त खोल जाईल?” मी मोठ्याकडे बोट दाखवलं. ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. “कागदालाच विचारू,” एवढं बोलून पिकअपच्या मागच्या फळीवर काडतुसांची खोकी मांडायला लागले.

मार्चमधला शेवटचा रविवार होता. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो, आणि त्याआधी आजोबा दर वर्षी आपली बंदूक कागदावर उडवून बघतात. यंदा जरा जास्तच काम होतं. खांदा दुखतो म्हणून बारा बोअर सोडून वीस बोअर घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण पक्ष्याशी बेइमानी होणार नसेल तरच. मी कागद लावायला आणि भोकं मोजायला गेलो होतो.

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी माझ्या सख्ख्या आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू किती, छर्रा किती, हे त्यांच्या हाताच्या अंदाजावर असायचं. त्यामुळे बंदुकीच्या दारूचा वास मला नवा नाही. नवी होती ती इथली मोजदाद.

नंबरांची भाषा उलटी चालते, ती आधी समजून घ्यावी लागते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर; वीस केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद. छर्ऱ्याचंही तेच. अमेरिकन मापात १७ मधून नंबर वजा केला की छर्ऱ्याचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. ४ नंबरचा १३, म्हणजे ३.३ मिलिमीटर, ५ नंबरचा तीन मिलिमीटरच्या किंचित वर, ९ नंबरचा दोन. एका औंसात शिशाचे ४ नंबरचे साधारण १३५ छर्रे बसतात, ५ नंबरचे १७० आणि ६ नंबरचे २२५.

सगळी अडचण या तीन आकड्यांत आहे. टर्कीचा मोठा नर आठ-दहा किलोचा असतो. छातीवर पिसांचे थर आणि खाली जाड मांस. तिथे छर्रे लागले तर तो पडत नाही. जखमी होऊन झाडीत शिरतो आणि कुठेतरी एकटा मरतो. म्हणून नेम डोक्यावर आणि मानेवरच धरायचा. मेंदू आणि मणका मिळून ती जागा अंगठ्यापेक्षा फार रुंद नाही, आणि पक्षी मान सतत हलवत असतो. तेव्हा तिथे पोचणारे छर्रे पुष्कळ हवेत, आणि त्यातल्या प्रत्येकात हाड फोडण्याइतका जोर हवा. काडतुसात माल मावतो तेवढाच मावतो. जोर वाढवायला छर्रा मोठा घ्यावा तर संख्या घटते, संख्या वाढवायला लहान घ्यावा तर जोर घटतो. ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा टर्कीसाठी मिझुरीच्या नियमांत बसत नाही. मोठा छर्रा लांबवर जातो, आणि झाडाला टेकून हिरव्या-तपकिरी कपड्यांत निश्चल बसलेला दुसरा शिकारी कुणाला दिसत नसतो, असं आजोबांनी त्याचं कारण सांगितलं.

चाळीस वारांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मी कागद ताणून लावला. त्यावर टर्कीच्या डोक्यामानेचं हुबेहूब आकाराचं चित्र आणि भोवती दहा इंच व्यासाचं वर्तुळ. या अंतरावर वर्तुळात शंभर छर्रे बसले तर काडतूस चांगलं, असा टर्कीच्या शिकाऱ्यांचा जुना हिशेब. आजोबांनी बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. दोघांनी कानांवर आवरणं आणि डोळ्यांना चष्मे चढवले.

पहिला बार बारा बोअरचा, शिसं ४ नंबर, पावणेदोन औंस. मी मार्कर घेऊन धावलो. एकेका भोकावर ठिपका देत मोजायचं, नाहीतर तेच भोक दोनदा मोजलं जातं. आकडा आला ७९. पण मला आकड्यापेक्षा एक मोकळी जागा खटकली. जबड्याखालपासून अर्ध्या मानेपर्यंत, चार बोटं मावतील एवढ्या पट्ट्यात एकही भोक नव्हतं. आजूबाजूला कागदाची चाळण झालेली आणि नेमकी मान कोरी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग आणि रुबाबदार पक्ष्याचं चित्र या पट्ट्याबद्दल काहीच सांगत नाहीत. तीच बंदूक, तोच नंबर, पण दुसऱ्या कंपनीचं काडतूस घेतलं तरी चित्र बदलतं. म्हणून दुसऱ्याच्या सल्ल्यावर काडतूस घेऊन थेट जंगलात जाणं मला चुकीचंच वाटतं.

प्रत्येक काडतुसाचे तीन बार काढायचे, मधे नळी निवू द्यायची. ५ नंबरची सरासरी ११० च्या आसपास आली, ६ नंबरची दीडशेला टेकली. आजोबांनी इतकी वर्षं ५ नंबरच का वापरला, ते मला तिथे कळलं. ६ नंबर मान भरून काढतो, पण चाळीस वारांवर त्याच्या एकेका छर्ऱ्याच्या जोरावर त्यांचा विश्वास नाही.

वर्तुळाबाहेरची भोकं पाहून मी विचारलं, हे छर्रे का भरकटतात? शिसं मऊ असतं. बार उडताच मागच्या रेट्याने छर्रे एकमेकांवर चेपतात, आणि चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही. म्हणून चांगल्या काडतुसात शिशात अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, वर तांब्याचा मुलामा देतात, फटींत बारीक भुकटी भरतात. नळीच्या तोंडाशी बसवलेला चोक हा झोत आवळतो. पण फार आवळला तर मऊ छर्रे उलट जास्त विस्कटतात. तेव्हा चोकही काडतुसाप्रमाणेच कागदावर पारखून घ्यायचा.

मग वीस बोअर. टंगस्टन, ९ नंबर, दीड औंस. मार्करचा हात दुखेपर्यंत मी ठिपके देत होतो. २३१. मानेच्या चित्रात बोट ठेवायला कोरी जागा नव्हती.

संख्या दिसली, पण जोर? पिकअपच्या फळीवर बसून मी हिशेब मांडला. शिशाची घनता ११ च्या थोडी वर, या टंगस्टनची १८. त्याचा ९ नंबरचा छर्रा ५ नंबरच्या शिशाच्या निम्म्याहून कमी वजनाचा. पण समोरून त्याचं क्षेत्रफळ त्याहूनही कमी भरतं. वजन भागिले क्षेत्रफळ केलं तर मोहरी बाजरीच्या बरोबरीने येते, किंचित पुढेच. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. आजोबा पन्नास वर्षं ज्याच्यावर भिस्त ठेवून होते तोच जोर, दुप्पट संख्येत आणि हलक्या बंदुकीतून.

किंमत मात्र जड आहे. एकेका काडतुसाला दहा डॉलरच्या वर. पण हंगामात दोनच नर मारता येतात.

शिसं सोडणं आजोबांना सोपं नव्हतं, कारण शिसं ही इथल्या मातीची वस्तू. राज्याच्या आग्नेय भागात शिशाच्या मोठ्या खाणी आहेत. मिसिसिपीकाठच्या हर्क्युलेनियम गावी १८०९ मध्ये कड्यावर छर्ऱ्यांचा मनोरा उभा राहिला. वितळलेलं शिसं वर चाळणीतून ओतायचं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि खाली पाण्यात पडून थिजतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकाभर १९९१ पासून बंद आहेत, कारण चिखलातले छर्रे बदकं गिळतात आणि विषबाधेने मरतात. टर्कीसाठी मिझुरीत शिसं अजून चालतं. ते थांबावं असं मला मनापासून वाटतं. जखमी पक्षी गरुडाच्या पोटात गेला की शिसंही जातं.

त्या रविवारी शेवटी आजोबांनी पंधरा वारांवर एक बार काढला. सगळा झोत मुठीएवढ्या भोकात. “हा खरा धोका,” ते म्हणाले. आवळलेला झोत जवळून उडवला की नेम चार बोटं सरकला तरी पक्षी सुटतो. म्हणून त्यांनी नळीवर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवून घेतली.

हंगामाच्या चौथ्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही एका ओकला टेकून बसलो. डॉगवूड पांढरा फुलला होता. अंगावर लाल, पांढरा, निळा काहीच नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. आजोबांनी लाकडी पेटीवर मादीचा आवाज काढला आणि वरच्या फांद्यांतून गडगडाटी उत्तर आलं. १९६० मध्ये इथे आधुनिक हंगाम पहिल्यांदा उघडला, त्याआधी राज्यात हे पक्षी जेमतेम उरले होते. रानातून धरून दुसऱ्या रानात सोडत सोडत माणसांनी ते पुन्हा वाढवले.

नर आला तो शेपटी पसरून, मान छातीत ओढून. अशा वेळी मणका पिसांत दडतो. बार काढायचा नाही. आजोबांनी जिभेने एकच ‘टक्’ केलं. मान ताठ वर आली. नंतर मोजली तर अठ्ठावीस पावलं भरली. पक्षी जागच्या जागी पडला.

संध्याकाळी परसात त्याला साफ करताना आजोबा छातीच्या मांसावरून बोटं फिरवत होते. वरच्या कडेला एक काळसर ठिपका लागला. छर्ऱ्याने पिसाचा धागा आत ओढून नेला होता. त्या धाग्यामागे सुरीचं टोक नेत त्यांनी मोहरीएवढा दाणा काढला. टंगस्टन चावला तर दात तुटतो, म्हणून शोध नीट घ्यायचा. मग हात धुऊन ते गॅरेजमधून मार्चमधला कागद घेऊन आले आणि त्यावर डाव्या अंगाला, वर्तुळाच्या बरंच खाली, माझ्या ठिपक्याविना राहिलेलं एक भोक मला दाखवलं.